लेकीचा देश : ऐकलेला आणि असलेला

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्याला राहते. वय ६१. शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. माझी एकुलती एक मुलगी चार वर्षांपासून जर्मनीत स्टुटगार्टला असते. नोव्हेंबरच्या अखेरीस तिची तारीख आहे आणि तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे तीन महिने जाणार आहोत. आमचा हा पहिलाच परदेश प्रवास आहे. यजमानांच्या मते जर्मनी म्हणजे शिस्त, स्वच्छता आणि मिनिटाला धावणारी गाडी. नणंदबाई युरोपची सहल करून आल्या आहेत. त्या म्हणतात, तिथली माणसे दगडासारखी असतात, हसत नाहीत, तोंडावर बोलतात आणि शाकाहारी माणसाचे हाल होतात. सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, तिकडे आता आपल्या रंगाच्या माणसांना त्रास होतो. मुलीला विचारले तर तिचे एकच उत्तर असते, 'आई, तू ये तर, सगळं छान आहे.' मला रात्री झोप लागत नाही. मी कोणाचे खरे मानू?
एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात जर्मनीची चार चित्रे आहेत. एक यजमानांचे, एक नणंदबाईंचे, एक सोसायटीतल्या गृहस्थांचे आणि चौथे तुमच्या लेकीचे, 'सगळं छान आहे' एवढ्याच शब्दांचे. यांपैकी कोणीही मुद्दाम खोटे बोललेले नाही. ज्याला जे ऐकायला किंवा पाहायला मिळाले, ते त्याने सांगितले. म्हणून कोणाचे खरे मानायचे हे ठरवण्याआधी, ते चित्र कोणी, कुठे उभे राहून आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत पाहिले, हे प्रत्येकाला विचारून घ्या. मी स्वतः काही वर्षांपूर्वी भाचीकडे स्टुटगार्टला सव्वादोन महिने राहून आले आहे, त्यामुळे तुमच्या पत्रातली काळजी मला चांगलीच ओळखीची वाटली.

यजमानांचे चित्र आपल्याकडे सर्वांत जुने आणि सर्वांत पक्के आहे, आणि नेमके तेच तुम्हाला पहिल्या दिवशी अडचणीत आणू शकते. जर्मन रेल्वेच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांची वक्तशीरता ६२.५ टक्के होती, आणि तिथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हा उशीर म्हणून धरलाच जात नाही. रुळांच्या देखभालीवर वर्षानुवर्षे पुरेसा पैसा खर्च झाला नाही आणि त्याच रुळांवर गाड्या मात्र वाढत गेल्या, हे त्यामागचे मुख्य कारण आहे. तुमच्या मुलीच्या गावातले मुख्य रेल्वे स्थानक जमिनीखाली नेण्याचे काम २०१० मध्ये सुरू झाले. ते २०१९ मध्ये उघडायचे होते, पण २०२५ संपले तरी उघडलेले नव्हते, आणि खर्च ११ अब्ज युरोंच्या वर गेला. घोडबंदर रस्त्यावरचे मेट्रोचे खांब इतकी वर्षे पाहणाऱ्या ठाणेकराला यात नवल वाटू नये, पण मनातले जर्मनी मोडले म्हणून वाईट मात्र वाटते. तेव्हा तुम्ही फ्रांकफुर्टला विमानातून उतरून पुढे रेल्वेने जाणार असाल, तर मधे चांगला दोन-तीन तासांचा वेळ ठेवा आणि ठरलेली गाडी चुकली तर काय करायचे हे जावयांकडून आधीच कागदावर लिहून घ्या.

जर्मन म्हणजे पक्के काम, ही कल्पना कुठून आली याचीही एक हकीकत आहे, आणि ती यजमानांना जरूर सांगा. १८८७ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून परदेशातून येणाऱ्या मालावर त्या देशाचे नाव छापणे भाग पाडले. जर्मनीतून येणारा स्वस्त आणि नक्कल केलेला माल गिऱ्हाइकाने ओळखावा आणि टाळावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. पुढे त्या मालाचा दर्जा इतका सुधारला की जो शिक्का बदनामीसाठी मारला होता, तोच विश्वासाची खूण होऊन बसला. एका देशाबद्दलचे मत थोड्याच वर्षांत इतके उलटू शकते. स्टुटगार्ट हे तर मर्सिडीज आणि पोर्शे या गाड्यांचे गाव. यंत्रांनी मिळवलेले नाव आपण पुढे माणसांना, रेल्वेला आणि सरकारी कचेऱ्यांनाही देऊन टाकले.

पण याचा अर्थ शिस्त तिथे नाहीच असा नाही. ती आपण जिथे शोधतो तिथे नसते, वेगळ्याच ठिकाणी भेटते. स्टुटगार्ट ज्या श्वाबेन प्रदेशात आहे, तिथे 'केरवोखे' नावाची एक रीत आहे. 'वोखे' म्हणजे आठवडा आणि 'केर' म्हणजे झाडणे. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा आपल्या केराशी जुळणारा त्याचा उच्चार ऐकून मला घरचे माणूस भेटल्यासारखे झाले होते. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने पाळीपाळीने आठवडाभर जिना, तळघराची वाट आणि समोरचा पदपथ झाडायचा, ही त्या भागाची पद्धत असून तिचे मूळ पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जाते. पाळी आली की दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकते. भाची कामावर गेली होती, पाटी आमच्या दाराला होती आणि मला तिचा अर्थ ठाऊक नव्हता. शनिवारी दुपारी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या, सत्तरी ओलांडलेल्या बाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पाटीकडे बोट दाखवले, मग जिन्याच्या वळणावर साचलेल्या पाचोळ्याकडे बोट दाखवले आणि दोन वाक्ये बोलून त्या खाली निघून गेल्या. मला इतका अपमान वाटला की डोळ्यांत पाणी आले. मी झाडू घेऊन जिना झाडायला बसले. तिसऱ्या पायरीवर पोहोचले तोच त्या पुन्हा वर आल्या, त्यांच्या हातात लहान सुपली होती, आणि मी केर लोटत जाईन तशी एकेका पायरीवर वाकून ती सुपली धरत त्या माझ्याबरोबर खालपर्यंत उतरल्या. आमची पुढे मैत्री वगैरे झाली नाही. मात्र त्या दिवसापासून जिन्यात भेट झाली की त्या थांबून 'ग्र्यूस गॉट' म्हणायच्या. दक्षिण जर्मनीतला हा रोजचा नमस्कार आहे आणि त्यात देवाचे नाव आहे, आपल्या 'राम राम'सारखे.

नणंदबाईंनी सांगितलेला कोरडेपणा मी असा अनुभवला आहे, म्हणून तो नाही असे मी म्हणणार नाही. पण तो कोणाच्या मापाने कोरडा, हे पाहायला हवे. अनोळखी माणसाकडे पाहून हसणे, पहिल्या भेटीतच नावाने हाक मारणे, 'कसे आहात' असे विचारून उत्तराची वाट न पाहणे, ही अमेरिकी रीत आहे, आणि आपण परदेश म्हणून जे काही पाहत आलो ते बहुतांशी इंग्रजी चित्रपटांतून पाहिल्यामुळे सगळ्याच गोऱ्या माणसांकडून तीच अपेक्षा धरून बसतो. मराठी माणसाने वास्तविक जर्मन माणसाला लवकर ओळखायला हवे. त्यांच्या भाषेत 'तू'साठी 'डू' आणि 'तुम्ही-आपण'साठी 'झी' असे दोन शब्द आहेत. वीस-वीस वर्षे शेजारी राहिलेली माणसेही एकमेकांना आडनावाने आणि 'झी' म्हणून बोलतात, आणि 'आता आपण एकमेकांना डू म्हणू या' हे शक्यतो वयाने मोठ्या माणसाने सुचवायचे असते. तुमच्या शाळेतल्या सहकारी बाईंना तुम्ही तीस वर्षे 'अहो देशपांडेबाई' म्हणत असाल, तर त्यात प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? श्वाबेन लोकांची एक म्हण आहे, तिचा भावार्थ असा की रागावलो नाही म्हणजे पुरेसे कौतुक केले. ती भाचीने मला सांगितली तेव्हा मला माझ्या वडिलांची आठवण झाली. मी मॅट्रिकला पहिला वर्ग मिळवला तेव्हा त्यांनी पेपर खाली न ठेवता फक्त 'बरं' म्हटले होते.

शिवाय सबंध जर्मनी एका साच्याची नाही. श्वाबेन माणूस कष्टाळू, टापटिपीचा आणि चिक्कू, अशी चेष्टा बर्लिनचे लोक करतात, आणि ती चेष्टा पुणेकरांबद्दलच्या विनोदांइतकीच जुनी, लाडकी आणि अर्धवट आहे. नणंदबाईंच्या सहलीत जर्मनीच्या वाट्याला किती तास आले होते, ते त्यांना विचारा. आपल्याकडच्या बहुतेक सहलींत 'ब्लॅक फॉरेस्ट' नावाच्या जंगल-प्रदेशातले कुकू घड्याळांचे दुकान, एक जेवण आणि बसच्या काचेतून दिसलेली गावे एवढेच असते. दिवसभरात अशा पन्नास बसेस पाहणाऱ्या दुकानदाराचा चेहरा म्हणजे आठ कोटींच्या वर लोकसंख्येच्या देशाचा चेहरा नव्हे.

जेवणाची काळजी फार करू नका. तुर्कस्तानशी १९६१ मध्ये झालेल्या करारानंतर जे कामगार जर्मनीत आले, त्यांच्या कुटुंबांनी चालवलेली भाजीची दुकाने आज जवळपास प्रत्येक शहरात आहेत, आणि तिथे कोथिंबिरीच्या जुड्या, भेंडी, वांगी, छोले, मसूर हे सगळे मिळते. स्टुटगार्टच्या घराघरांत होणारा एक पदार्थ, म्हणजे शिजवलेल्या मसुरीबरोबर वाढलेले, अंडे घालून भिजवलेल्या पिठाचे लहान तुकडे, पाहून तुम्हाला आपली वरणफळे आठवतील. मात्र त्याच्यासोबत सॉसेज देण्याची रीत आहे, ते नको म्हणून आधी सांगावे लागते. आणि 'माउलटाशन' नावाच्या चौकोनी करंज्यांपासून सांभाळा. आतले सारण पालकाने हिरवे दिसते, पण त्यात बहुधा मांस मिसळलेले असते. उपवासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून मांस असे झाकून खाल्ले जाई, असे तिथले लोकच सांगतात. डिंकाच्या लाडवांसाठी घरचे तूप डब्यात भरून नेण्याचा विचार असेल तर तो सोडा, कारण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तिथल्या कोणत्याही किराणा दुकानात 'बुटरश्माल्त्स' या नावाने कढवलेले लोणी मिळते, ते तूपच आहे. लाडू तिथे वळा.

सोसायटीतल्या गृहस्थांचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. स्थलांतरितांच्या विरोधात बोलणाऱ्या पक्षाला फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्के मते मिळाली आणि तो संसदेतला दुसरा मोठा पक्ष झाला, ही वस्तुस्थिती आहे. वर्णद्वेष तिथे आहे, आणि ज्याला तो भोगावा लागतो त्याला टक्केवारी सांगून समाधान वाटत नाही. पण त्याच स्टुटगार्टमध्ये जवळजवळ निम्म्या रहिवाशांची मुळे, त्यांची स्वतःची किंवा आईवडिलांची, दुसऱ्या देशातली आहेत. दवाखान्यात, ट्राममध्ये, भाजीच्या दुकानात तुम्ही एकट्या वेगळ्या दिसणार नाही. कोणत्या भागात रात्री जाणे टाळायचे, हे मुलीला स्पष्ट विचारा, जसे तिच्या कॉलेजच्या दिवसांत तुम्ही तिला ठाणे स्टेशनच्या कोणत्या पुलावरून उशिरा यायचे नाही हे सांगत होतात.

तुम्हालाही तिथे कोणीतरी साचेबंद नजरेने पाहील, त्याची तयारी ठेवा. योग, गाई, जात आणि तिखट जेवण यांवर प्रश्न येतील. जर्मनांचे भारतवेड जुने आहे आणि त्यातले पुष्कळसे पुस्तकातून आलेले आहे. ज्यांच्या नावाने मुंबईत आणि पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, त्या मॅक्स म्युलर यांनी ऋग्वेद संपादित करण्यात आयुष्याची पंचवीस वर्षे घातली, पण ते भारतात एकदाही आले नाहीत. त्यांच्या कामाचे मोल याने कमी होत नाही, पण त्यांच्या भारतात ठाण्याची सकाळची गर्दी नव्हती, हेही तितकेच खरे. कोणी असा प्रश्न विचारला तर रागावू नका, तुमच्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलाला समजावत होतात तसे समजावून सांगा.

घाबरवणारी माणसे आपल्याकडे पूर्वीही होती. तुमच्या शेजारच्या कल्याणची आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाली, तेव्हा ती बाटणार अशी सगळ्यांची खात्री होती, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे तिला भर सभेत सांगावे लागले. धर्माच्या बाबतीत तिचे कोणी काही बिघडवले नाही. ज्या कार्पेंटरबाईंकडे ती उतरली, त्यांना ती मावशी मानू लागली. तिला खरा जाच झाला तो थंडीचा.

म्हणून आता चौथ्या चित्राकडे येते. तुमच्या लेकीने पाठवलेले फोटो मी पाहिलेले नाहीत, पण ते बागेतले, उन्हातले, जून-जुलैचे असणार, जेव्हा तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. तुम्ही पोहोचाल तेव्हा साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळत असेल. डिसेंबरात सकाळी आठनंतर उजाडते, आणि कितीतरी दिवस ढगांमुळे सूर्य दिसतच नाही. आपल्याकडे वर्षातला सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो, तिथे तो सव्वाआठ तासांचा. रविवारी दुकाने बंद असतात, कारण रविवारची विश्रांती तिथल्या राज्यघटनेनेच राखलेली आहे, आणि रस्ता इतका शांत असतो की आपल्याच घरातल्या घड्याळाचा आवाज ऐकू येतो. नौपाड्याच्या गजबजाटातून गेलेल्या बाईला माणसांच्या न हसण्यापेक्षा ही शांतता आणि हा अंधार जड जातो. मला गेला. रोज दुपारी बारा ते दोनच्या मध्ये, कितीही कंटाळा आला तरी, कोट चढवून अर्धा तास बाहेर पडायचे, हे पहिल्या आठवड्यापासून पक्के ठरवून टाका.

आणि खरी ओढाताण होईल ती रस्त्यावर नाही, घरात. प्रसूतीनंतर बारा आठवड्यांपर्यंत 'हेबामे', म्हणजे प्रशिक्षित सुईण, घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहते आणि तिचा खर्च आरोग्य विमा उचलतो. ती म्हणेल की बाळाच्या अंगावर दुलई नको, उशी नको, झोपेच्या पिशवीत उताणे निजवा, खोली १६ ते १८ अंशांवर ठेवा आणि दिवसातून दोन-तीन वेळा खिडक्या सताड उघडून हवा बदला. ओल्या बाळंतिणीच्या खोलीत डिसेंबरची हवा घ्यायची, हे ऐकूनच तुमचा जीव खालीवर होईल. पण घट्ट बंद होणाऱ्या त्या घरांत हवा कोंडली तर भिंतींना बुरशी येते, म्हणून ती खिडकी उघडतात, आणि पाच-दहा मिनिटांनी बंद करतात. तेवढा वेळ तुम्ही बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत बसा. शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी मात्र जमणार नाही. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे, तिथे झोपायच्या खोल्यांत धूर ओळखणारी घंटा बसवणे कायद्याने सक्तीचे आहे, आणि ती वाजली की सगळी इमारत जिन्यात गोळा होईल. तेलाचे मालीश करायला कोणाची हरकत नसते, गरम पाण्याच्या पिशवीने कंबर शेकायलाही नसते.

ताई, तुमचे पत्र वाचताना मला जाणवले की झोप उडवणारी भीती जर्मन माणसांची नाही. चार वर्षांत ती खिडकी आपली लेकही उघडू लागली असेल, सुईणीचे ऐकेल आणि आईचे ऐकणार नाही, ही ती भीती आहे. हे घडण्याची शक्यता आहे, आणि तुम्ही जाण्याआधी तिच्याशी यावर बोलला नाहीत तर तुमच्या मनात सगळा दोष त्या देशावर जाईल. ती 'सगळं छान आहे' म्हणते, कारण आईला काळजी नको असे तिला वाटते. तिलाही तिथला पहिला हिवाळा कसा गेला, हे तिने तुम्हाला कधी सांगितले आहे का?

एक हिशेब मात्र आजच करा. अल्प मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी हे ९२ दिवस होतात, आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरतात. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो काढताना यजमानांच्या जुन्या आजारांचे काय ते वाचून घ्या.

येत्या रविवारी व्हिडिओ कॉल लागला की पाळणा दाखव म्हणू नका. तिला म्हणा, फोन घेऊन दाराबाहेर ये आणि जिना दाखव, शेजारच्या दारावरचे नाव वाचून दाखव, कचऱ्याचे वेगवेगळे डबे दाखव, फ्रीज उघड, आणि मग गेल्या डिसेंबरात दुपारी साडेचारला तुझ्या खिडकीतून काय दिसत होते ते सांग. ती आधी हसेल. तुम्ही घाई करू नका, तिला बोलू द्या.